नळीला रंग येईना

गोळी टाकली, बूच लावलं, खसाखसा हलवलं, आणि नळीतलं पाणी होतं तसंच. ना गुलाबी, ना गुलाबीची झाक.

"मेल्या, एवढं मीठ खाऊन करतोस तरी काय?" बाई भिंतीवरच्या यंत्रावर खेकसल्या.

बाई म्हणजे शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाई. निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. घरामागच्या पोहण्याच्या छोट्या तलावात मिठाचं पाणी होतं. त्या मिठातून यंत्रानं क्लोरीन बनवायचं आणि बाईंनी ते रोज नळीत गोळी टाकून तपासायचं, इतका साधा मामला. रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. पंधरवडा झाला, रंगाचा पत्ता नव्हता. बाईंनी यंत्राचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं, वर दुकानातून पातळ क्लोरीनचे कॅन आणून ओतले. पालथ्या घड्यावर पाणी!

तलाव काही आता हौसेचा राहिला नव्हता. बाईंच्या नवऱ्याला, म्हणजे वकीलसाहेबांना, अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. व्यायाम शिकवणारी बजावून गेली होती, "रोज गळाभर पाण्यात हातपाय हललेच पाहिजेत. या दोन-तीन महिन्यांत जे सुटेल ते सुटेल. एकदा सांधे धरले की धरले." आणि उभी हयात कोर्टात बोलून पोट भरलेल्या या माणसाच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता: नको. औषध दिलं की नको, दूध दिलं की नको, खिडकी उघडली तरी नको. शेवटी बाईंनी तो शब्द कानावर घेणंच सोडून दिलं.

सुरुवातीला ते पाण्यात मुकाट उतरायचे. मग पायऱ्या दिसल्या की खुर्चीचा हात घट्ट धरून बसायला लागले. हातपाय हलवताना पाणी तोंडावर उडायचं, आणि बाहेर आले की डोळे लालभडक. बाईंचं गणित सरळ होतं. डोळे लाल म्हणजे पाण्यात जंतू, जंतू म्हणजे क्लोरीन कमी. घाला अजून!

"चला, उठा," त्या चाकाच्या खुर्चीशी येऊन म्हणाल्या.

"नको."

"नको काय नको? मला काय हौस आलीय तुम्हाला रोज ओढत न्यायची?"

"नको!" वकीलसाहेबांनी डाव्या हातानं पाण्याकडे बोट केलं, मग डोळ्यांकडे.

"दिसतंय मला पाणी, आंधळी नाही मी." बाईंचा पारा चढला. "लोकांसाठी भांडलात ना जन्मभर? मग स्वतःच्याच वेळी का असे हातपाय गाळून बसलात? उद्या खाटेला खिळलात म्हणजे मी काय करायचं, सांगा ना!"

वकीलसाहेबांनी मान फिरवली. बाईंना रडू कोसळायच्या बेतात होतं. ते दिसू नये म्हणून त्या तरातरा पुन्हा नळीकडे गेल्या. रागारागात बुडवली ती अर्धीच भरली. परत वाकायला कंबर तयार नव्हती. मरो! अंगणातल्या नळाखाली धरून त्यांनी उरलेली नळी साध्या पाण्यानं भरली, गोळी टाकली आणि हलवली.

नळी गुलाबी झाली. नुसती गुलाबी नाही, बिटाच्या रसासारखी.

बाई बघतच राहिल्या. हा प्रताप नळाच्या पाण्याचा तर नव्हे? त्यांनी नुसतं नळाचं पाणी घेऊन पाहिलं. जेमतेम फिका रंग. मग नुसतं तलावाचं घेतलं आणि या वेळी डोळ्यांत तेल घालून बघितलं. गोळीभोवती गुलाबी धार उठली आणि उठल्या उठल्या विरून गेली. रंग येतच नव्हता असं नव्हतं. तलावात क्लोरीन इतकं झालं होतं की आलेला रंग तेच खाऊन टाकत होतं; नळाच्या पाण्यानं ते निम्मं झालं तेव्हा कुठे रंग टिकला. पंधरवडाभर बाई जिथे शून्य वाचत होत्या, तिथे ते उतू चाललं होतं.

"अगं बाई, काय केलं मी हे!"

त्यांनी यंत्र बंद केलं. मग अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरल्या, गळाभर पाण्यात गेल्या, डोकं आत घातलं आणि डोळे उघडले.

आई गं! तिखट पडावं तसे डोळे पेटले. क्षणभरही आत राहवेना. आणि नवऱ्याला त्या इथे रोज "अजून थोडं, अजून थोडंसंच" करत धरून ठेवत होत्या.

चाचपडत त्या पायऱ्यांशी आल्या, कठडा धरून वर चढल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. डोळे काही केल्या उघडेनात.

"तुम्ही रोज सांगत होतात हो," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांना हुंदका आवरला नाही. "रोज सांगत होतात, आणि मी त्या मेल्या नळीला विचारत बसले."

चाकं करकरली. डाव्या हातापायानं खुर्ची रेटत वकीलसाहेब जवळ आले होते. कोरडा टॉवेल बाईंच्या तोंडाला लागला. त्यांनी बाईंचा एक डोळा टिपला, मग दुसरा. आग थांबेना म्हणून बाई डोळे चोळायला गेल्या, तसं वकीलसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले.

बाईंनी हात खाली घेतला.