आता मी वाट पाहत बसत नाही

मित्रांनो, मी एका उबवणी यंत्राचा जुना कंट्रोलर आहे. तळहाताएवढा हिरवा बोर्ड, त्यावर एक चिप आणि कडेला भोंगा, एवढाच माझा देह. मला भंगारात काढायचे एकदा ठरले होते. तरी मी भिंतीवर आहे, आणि माझी हकिकत खाली मान घालून सांगणार नाही.

एका लांबट खोलीत नणंद-भावजयींनी कोंबडीची पिल्ले काढून विकण्याचा व्यवसाय मांडला होता. नणंदेला सगळे ताई म्हणत, भावजयीला वहिनी. अंड्यांच्या कपाटाची ऊब सांभाळणे हे माझे काम. आत किती गरम आहे, असे मी सेन्सरला विचारायचो. तो आकडा सांगायचा आणि त्यावरून मी हीटर चालू-बंद करायचो. पिल्ले कवच फोडून बाहेर आली की वहिनी माझ्यावरची धूळ फडक्याने पुसत म्हणायच्या, "शहाणं आहे हो हे!"

पण मला ज्याने कोड लिहून दिला, त्याने एक हुकूम अर्धवट सोडला होता. सेन्सरला विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब, असे त्याने लिहिले. उत्तर आलेच नाही तर काय करायचे, ते लिहिलेच नाही.

एका दुपारी सेन्सरची वायर सैल होऊन निसटली. मी प्रश्न विचारला आणि थांबलो. हीटर तेव्हा चालूच होता. मला एका वेळी एकच काम जमते, त्यामुळे मी थांबलो म्हणजे सगळेच थांबले. बटणे दाबलेली कळेनात, भोंगा वाजवता येईना. स्क्रीनवर मघाचाच आकडा ऐटीत झळकत होता. वहिनींनी सहज कपाटाच्या दाराला हात लावला आणि त्या ओरडल्या, "ताई, धावा! कपाट तापलंय!"

दोघींनी प्लग उपसला, ट्रे बाहेर ओढले. वरच्या ट्रेमधली अंडी गेली होती. वहिनींनी ती एकेक करून बाजूला काढली.

"म्हातारं झालंय हे, फेकून द्या," मला तपासायला आलेला मेकॅनिक म्हणाला. ताईंनीही मान डोलावली.

मी काय हुकूम मोडला होता? थांब म्हटले, थांबलो!

पण वहिनींची भाची प्रोग्रामर होती. मला फेकण्याआधी वहिनींनी तिला बोलावले. तिने मला लॅपटॉपला जोडले, कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, याचा काय दोष? याला वाट बघायला सांगितलंय, पण कुठवर ते सांगितलंच नाही!"

तिने माझ्या थांबण्याला मुदत घातली. अशा मुदतीला तिच्या कामात टाइमआउट म्हणतात. मुदतीत उत्तर आले नाही तर पुन्हा विचारायचे. तरीही आले नाही तर आधी हीटर बंद, मग भोंगा.

सुरुवातीला ही मुदत फार आखूड झाली. सेन्सर मुळातच संथ. तो मोजून सांगेपर्यंत मुदत संपायची आणि मी उगाच बोंब ठोकायचो. "याची कटकट बंद कर गं," ताई वैतागल्या. सेन्सरला मोजायला किती वेळ लागतो ते भाचीने नीट पाहिले आणि मुदत त्याहून थोडी सैल केली. मी गप्प झालो, पण ताईंच्या मनातून उतरलो तो उतरलोच.

पुढे एकदा दोघी जेवायला बसल्या असताना उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. मी विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. नाही. मग मी हीटर बंद केला आणि जीव खाऊन भोंगा वाजवू लागलो.

ताई उष्ट्या हातानेच पक्कड घेऊन आल्या. "आज याचा गळाच कापते!" त्यांनी भोंग्याची वायर पकडीत धरली. मी वाजतच राहिलो. कापायची तर कापा, मी आपण होऊन गप्प बसणार नव्हतो.

"ताई, थांबा! हे बघा काय झालंय." वहिनींनी कुरतडलेली वायर उचलून दाखवली.

ताईंनी कपाटात हात घातला. अंडी अजून उबदार होती. मग त्याच पकडीने त्यांनी तुटलेल्या वायरची टोके सोलली, पिळून जोडली आणि माझ्याकडे पाहून पुटपुटल्या, "ओरड बाबा, हवं तेवढं ओरड."

त्या खेपेला खोलीभर पिल्लांचा चिवचिवाट झाला.

मित्रांनो, यंत्र ओरडले की ते बिघडले असे समजून त्याचे तोंड बंद करू नका. ते काय सांगते आहे, ते आधी पाहा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारख्यासाठी कोड लिहाल, तेव्हा 'थांब' एवढेच लिहून हात झटकू नका. कुठवर थांबायचे आणि मग काय करायचे, तेही लिहा. मुकाट्याने वाट पाहणारे यंत्र तुम्हाला गुणी वाटेल. तसला गुणीपणा मी सोडला आहे. उत्तर द्या, नाहीतर मी भोंगा वाजवणार!