इथला उंबरा

‘लेकीच्या घरा माय, पाहुणी म्हणून जाय,
उंबऱ्याच्या आत तिनं रोवू नये पाय.’

गोधडीला टाके घालता घालता आई ही ओवी म्हणायची. इतक्या वर्षांनी तो आवाज वसुधाच्या कानात पुन्हा जागा झाला, कारण शाळेच्या दारात आई थबकली होती. वाकून तिनं दगडी उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाशी नेला, मगच आत पाऊल टाकलं.

“आजी, इट्स जस्ट अ डोअर,” रुही हसली.

“असू दे गं. तुझ्या डोअरला तरी कोण नमस्कार करणार?”

अ‍ॅशबर्नजवळच्या त्या भल्यामोठ्या जुन्या घरात आता शाळा भरे, आणि रविवारी तिथला एक वर्ग मराठी शाळेला मिळे. वसुधा तिथं शिकवायची. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच नागपूरहून अमेरिकेत लेकीकडे आली होती. मंगळवारी तिचं परतीचं विमान होतं. ‘राहा’ म्हणावं, असं वसुधाच्या ओठांवर रोज यायचं; आई नाही म्हणेल या धास्तीनं ते तिथंच विरायचं, आणि ती मुकाट्यानं आईच्या बॅगेत आणखी एक व्हिटॅमिनची बाटली ठेवायची. कागदपत्रांचं मी बघतो, तू विचारून तर बघ, असं नवऱ्यानं, विनयनं, दोनदा सांगून झालं होतं.

आज धडा बाजूला ठेवून तिनं मुलांना या घराचीच गोष्ट सांगितली. हे घर मूळचं इंग्लंडातल्या एका खेड्यातलं. एका श्रीमंत अमेरिकन माणसानं ते विकत घेतलं, दगडांवर आकडे घालून उतरवलं, बोटीनं आणून इथं जसंच्या तसं रचलं. त्याच्यामागं राहायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्याची शाळा झाली. उंबरा मात्र त्या गावानं दिला नाही. आमच्या पायांनी झिजलाय तो, म्हणाले.

“देन हा कुठला?” रुहीनं विचारलं.

“इथलाच. जवळच्या खाणीतला.”

मागच्या बाकावर कापसाच्या वाती वळणारे आईचे हात थांबले.

वर्ग सुटला. रुही गाडीकडे पळाली. आई दारापाशी उभी राहिली. खाली बघत म्हणाली,

“मग घरानं धरलं याला?”

“सत्तर-ऐंशी वर्षं झाली की.”

आईनं पिशवीतून वातींचा डबा काढून वसुधाच्या हातात दिला. झाकण लागत नव्हतं, इतका तो भरला होता.

“मंगळवारपर्यंत एवढ्या कशाला गं?”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग या खेपेला न वाकता तिनं उंबरा ओलांडला आणि पलीकडून वळून पाहिलं.

“तू विचारशील म्हणून वाट बघितली, वसू,” ती म्हणाली. “मला राहायचंय.”