बासिलियाबाईंच्या उजव्या डोळ्यातले भिंग

या सौद्यात बासिलियाबाईंना काय मिळणार होते ते आधी मांडते. सुईत दोरा ओवता येणार होता, किडका बटाटा निवडता येणार होता, नातीचे तोंड नीट दिसणार होते. जाणार होती एकच वस्तू, ती म्हणजे मी.

मित्रांनो, मी बाईंच्या उजव्या डोळ्यातले जुने भिंग. घडले त्यांच्या आईच्या पोटात, आमच्या तितिकाका तलावाच्या पाण्याइतके नितळ. साठ वर्षे चोख काम केले. लांबून येणारी लव्हाळ्याची होडी कोणाची, हे बाई काठावरून सांगत. लोक त्यांच्या नजरेची तारीफ करत. माझे नाव कोणी घेतले नाही. पण इथले ऊन तलावावरून उलटून डोळ्यात घुसते. मी हळूहळू गढुळले, आणि मग शिव्या मात्र मलाच.

त्या गढूळपणात एका संध्याकाळी दारात एक पांढुरका माणूस उभा राहिला. बाईंनी ओळखला. अकरा वर्षांपूर्वी तलावात बुडालेला त्यांचा नवरा, तोरिबियो.

"खांबासारखा काय उभा राहतोस? आत ये, सूप निवतंय," बाई रोज म्हणत. तो आत येत नसे. जातही नसे.

लेक ओर्तेन्सिया वैतागे. "आई, तो मोतीबिंदू आहे, बाबा नाही."

"चाळीस वर्षं त्याचं घोरणं ऐकलंय. मला शिकवतेस?"

"मग आता घोरतो का?"

"गारठलाय बिचारा. तू आधी दार लावू नकोस."

गावात मोतीबिंदूचे शिबिर आले तेव्हा लेकीने त्यांना जवळजवळ ओढत नेले. थेंब घालून डोळा बधिर केला. बाई जाग्याच होत्या. दुखले नाही, थोडा दाब, आणि डोळ्यापुढे मोठा उजेड. वीस मिनिटांत मला बारीक चिरेतून बाहेर काढून माझ्या जागी नवे भिंग बसवले. त्या नव्याने मला साधे विचारलेही नाही.

आमच्याकडे कापलेले केस, नखे जपून ठेवतात. नाहीतर मेल्यावर जीव ती शोधत भटकतो. म्हणून बाईंनी मला मागून घेतले. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी मला औषधाच्या बाटलीत घालून दिले.

नर्सने बजावले, "आजी, डोळा चोळायचा नाही, धुरात बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. थेंब महिनाभर." बाईंनी थेंबांची बाटली उघडून पहिला थेंब जमिनीवर सांडला.

"अहो, हे काय?"

"पहिला घोट धरणीमायेचा."

"तिला मोतीबिंदू झालेला नाही, आजी! थेंब डोळ्यात!"

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तलाव इतका निळा होता की बाई रडल्या. घरी आरशात पाहून म्हणाल्या, "ही म्हातारी कोण?" मग दाराकडे पाहिले. दार रिकामे. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि अजून गढूळच असलेल्या डाव्याने पाहिले.

"आहेस होय! जीव घेतलास माझा."

दोन महिने असेच चालले. दिवस उजव्या डोळ्याचा, संध्याकाळ डाव्याची. मग एकदा एका डोळ्याने चालताना पायरीचा अंदाज चुकला आणि कडेवरची नात पडता पडता वाचली. त्याच संध्याकाळी बाई दाराशी जाऊन बसल्या. "परवा दुसरा डोळा आहे. पोरीसाठी करते. तोवर आत येऊन बसलास तर बरं." तो उंबऱ्यावरच राहिला.

आता डावे भिंगही माझ्या शेजारी, कोनाड्यातल्या बाटलीत आहे. मित्रांनो, माझा समज होता की तोरिबियो म्हणजे माझ्यातलाच गढूळपणा. पण मी डोळ्याबाहेर पडून किती दिवस झाले! तरी कोनाड्यातून मला दार दिसते, आणि संध्याकाळी तो तिथे असतो. उंबऱ्यावर पाणी साठते. नात ते पुसते आणि विचारते, "आजी, हे रोज कुठून येतं?" बाई तोरिबियोच्या आरपार तलाव बघत बसलेल्या असतात.

तुम्ही मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, थेंब चुकवू नका. फक्त धुक्यातून कोणी भेटायला येत असेल, तर त्याचा निरोप आधी घ्या.

हिशेब असा जमला. बाईंना दोन डोळे मिळाले, ओर्तेन्सियाला निर्धास्त झोप, नातीला पक्क्या पावलांची आजी. आम्हा भिंगांची जागा गेली. जुन्या वस्तूंचे असेच व्हायचे. किंमत मोजली ती तोरिबियोने. तो रोज येतो, आणि आम्हा भिंगांवाचून बघणारे कोणी नाही.