समोरून इंजिन आलं तर

बानूबाईला पाण्याचं भय कधीच वाटलं नव्हतं, पण त्या सकाळी वाटत होतं. नावेत तिच्या पायाशी सून चंदा पोट धरून बसली होती. दिवस भरायला अवकाश होता, तरी उजाडतानाच कळा सुरू झाल्या. मेंढवाडा गोदावरीच्या या काठाला, गाव आणि दवाखाना त्या काठाला, मधे बंधाऱ्यानं फुगलेलं पाणी. त्यावर धुकं असं बसलेलं की वल्ह्याचं टोक दिसेना. फोनला रेंज नव्हती. वाट बघत थांबायचं तरी कसं?

"आत्या, लय दुखायलंय," चंदा कण्हली.

"हात आत घे, कड धरू नको. आलंच गाव."

गाव कुठं आलं होतं! अर्धं पाणीसुद्धा कापलं नव्हतं. पण अडल्या बाईला खरं सांगून कुणाचं भलं झालंय?

बानूबाईचा नवरा रायभान मेंढरांपाशी राहिला होता. त्यानंच तिला नाव शिकवली आणि एक नेम घालून दिला. समोरून नाव आली की दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला वळायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. साऱ्या काठावर हाच नेम. पाळत नव्हता तो एकटा तिचा लेक, चंदाचा नवरा अमृत. ताडकळसच्या बाजाराला टेम्पो पळवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. टेम्पो विकून त्यानं इंजिनाची नाव घेतली, पण हात सडकेचेच राहिले. समोर काही आलं की गडी डावीकडं! कालच एका मासे धरणाऱ्याच्या नावेवर आदळता आदळता वाचला होता, आणि बानूबाईनं चारचौघांत त्याचा पाणउतारा केला होता.

"ही काय ताडकळसची सडक हाय का रे? उजवीकडं वळत जा, न्हाईतर कुनाचा तरी जीव घेशील!"

अमृतनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून ती घरात गेली होती.

आणि आता धुक्यातून इंजिनाची फटफट ऐकू आली. रात्री गावात मुक्कामाला असलेला अमृतच या वेळेला दूध न्यायला यायचा. आवाज ओळखीचा होता आणि सरळ अंगावर येत होता.

"अमृऽऽत!" बानूबाई जीव खाऊन ओरडली. चंदानं पाणी उपसायचा डबा कडेवर बडवला. इंजिनापुढं त्यांचं कोण ऐकतो?

नाव उजवीकडं वळवायला तिनं वल्हं उचललं आणि तिचा हात थबकला. नेम उजवीकडं म्हणत होता. पण समोर नेम नव्हता, समोर अमृत होता. घाबरला की तो डावीकडंच जाणार. पोटच्या पोराला ती ओळखत नव्हती काय? आपण उजवीकडं गेलो तर नेमके त्याच्या तोंडी. तिनं नाव डावीकडं घातली.

धुक्यातून अमृत बाहेर आला. चेहरा पांढराफटक, आणि नाव उजवीकडं वळवलेली.

"माय, मागं!" तो ओरडला. तोवर लोखंड लाकडावर आदळलं होतं. नाव कलंडली आणि चंदा पाण्यात गेली. हिरवं लुगडं वर फुगलं, मग तेही दिसेना. अमृतनं उडी घेतली. पाणी ढवळलं आणि शांत झालं. त्या शांततेत बानूबाई जागच्या जागी मेली. मग अमृतचं डोकं वर आलं, पाठोपाठ चंदाचं.

बानूबाई इंजिनाच्या नावेत चढली आणि दोघांनी मिळून चंदाला आत घेतलं. चंदा खोकली, पाणी ओकली. अमृतचे दात वाजत होते.

"माय, म्या तर तुझंच ऐकलं. उजवीकडंच वळलो की गं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बानूबाईला सोसला असता. तिनं सुनेच्या गार पोटावर हात ठेवला.

"हालायलंय का गं?"

"कळंना, आत्या."

अमृतनं नाव गावाकडं फिरवून हाणली. थोडं गेले असतील नसतील, समोर पुन्हा फटफट. हे इंजिन अनोळखी होतं. अमृतचा हात आखडला.

"माय, कुनीकडं?"

"उजवीकडं."

"आन त्यो बी तिकडंच आला तर?"

समोर कोण होतं, तिला काय ठाऊक? तिनं चंदाला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"कुनी बी असू दे. उजवीकडंच."

एक काळी नाव डाव्या अंगानं इतक्या जवळून गेली की डिझेलचा वास नाकात शिरला. मग नुसत्या लाटा आल्या. तेव्हा कुठं बानूबाईच्या तळव्याखाली, आतून एक लाथ बसली, आणि ती लेका-सुनेच्या देखत ओक्साबोक्शी रडायला लागली.