पोचा तेवढा राहू द्या

मित्रांनो, माझ्या पोटाला एक पोचा आहे. आधी तो बघा, म्हणजे माझं चकाकणारं तोंड बघून तुम्ही फसणार नाही. मी मंठा तालुक्यातल्या एका लहान चर्चमधला प्रभुभोजनाचा प्याला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे ज्यातून घोटभर द्राक्षरस घेतात तो. पितळेचा, जुना आणि आता बराच तिरसट. तिरसट का झालो, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म झुंबरबाईच्या तांब्यातून झाला. १९८१ साली आमच्या मंडळीकडे स्वतःचा प्याला नव्हता, चहाच्या स्टीलच्या पेल्यावर निभावत होते. झुंबरबाईने लग्नात मिळालेला तांब्या पुढे केला. "एकटीला पाणी प्यायला मडकं हाय मला," म्हणाली. जुन्या जालन्यातल्या तांबटाने तांब्याचा गळा कापला, मला ठोकून उभट केलं आणि खाली बूड जोडलं. दुखलं, पण मी कुरकुरलो नाही. आपण कशासाठी घडतोय हे कळलं की ठोके सोसवतात.

तेव्हाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शांतवनराव साधे गृहस्थ होते. आवाज घोगरा, उपदेश लांबलचक, पोरं पेंगायची. पण बाजाराच्या दिवशी मला पिशवीत घालून मंठ्याला कल्हईवाल्याकडे न्यायचे आणि सांगायचे, "बाहेरून काळा राहिला तरी चालंल, आतून बराबर कर." मित्रांनो, पितळेच्या भांड्याची आतली कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतो. आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे उकळलेल्या मनुकांचं आंबटगोड पाणी. ते कळकलं तर सगळ्या मंडळीला मळमळणार, म्हणून शांतवनरावांची ही काळजी.

आमच्या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तयारीची सभा भरायची. पाळक विचारायचे, "कोणाचं कोणाशी वाकडं आहे का?" असेल त्याने उठायचं, समेट करायचा, मगच उद्या प्याल्याला ओठ लावायचे. शांतवनराव स्वतः सगळ्यांच्या आधी उठायचे. एकदा ते मंडळीतल्या कचरूवर बैलाच्या कारणावरून ओरडले होते. सभेला कचरू आला नाही, तर म्हातारा त्याच्या शेतात जाऊन हात जोडून आला. असा माणूस मला उचलायचा तेव्हा मला माझं वजनच लागायचं नाही.

ते थकले आणि घरी बसले. नव्वदनंतर रेव्हरंड प्रसन्नकुमार आले. गोरा रंग, पांढराशुभ्र झगा, बोलणं मधात बुडवलेलं. नेमणुकीच्या दिवशी रीतीप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं, की पाळक दारूच्या नादी लागलेला नसावा, हात उगारणारा नसावा, आधी आपलं घर प्रेमाने सांभाळणारा असावा. त्यावर ते "होय" म्हणाले, तेही माईकवर. बायाबापड्यांचे डोळे भरून आले.

मी पाळकाच्या घरातल्या कपाटात राहायचो. त्यामुळे मंडळीला झगा दिसायचा आणि मला झगा काढल्यावरचा माणूस दिसायचा. एस्तेरबाई, त्यांची बायको, भाजीत मीठ कमी पडलं तरी दाराकडे सरकायची. तो हात उगारायचा आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओवर भजनं मोठ्याने लावायचा. किळस यायची हो! मला घासायलाही त्याने लावलं ते फक्त बाहेरून, चिंचेने. कल्हईचं नावच काढलं नाही.

एका शनिवारी दुपारी एस्तेरबाई मनुका उकळत होती. मला धुऊन जवळ ठेवलं होतं. तिने हळूच विचारलं, "आज सभेत सगळ्यांना विचारताल. मंग आपलं काय? मला एकदा तरी चुकलं म्हणा की."

त्याने मला उचललं आणि तिच्यावर फेकलं. तिच्या कपाळाला लागून मी शहाबादी फरशीवर आदळलो. तो धावत आला. मला वाटलं, तिला उचलील. त्याने मला उचललं. माझ्यावरचं रक्त पुसलं आणि पोचा कोणत्या बाजूने दिसणार नाही, हे फिरवून फिरवून पाहिलं. तिच्याकडे त्याने मान वळवली नाही. थू त्याच्या झग्यावर!

संध्याकाळी तयारीच्या सभेत त्याने डोळे मिटून मऊ आवाजात विचारलं, "कोणाचं कोणाशी वाकडं आहे का?"

मागून झुंबरबाई उठली. "पाळकसाहेब, बाईच्या कपाळाला काय झालं?"

"पाय घसरून पडल्या."

"मंग घडीघडी रेडिओ काहून बोंबलून राह्यला तुमच्या घरात? अन् हात सुजलेला मागच्या महिन्यात, तवाबी पायच घसरला व्हता?"

एस्तेरबाईने पदर पुढे ओढला. पाळक रागावला नाही, उलट दुःखी चेहरा केला. देवाच्या सेवकावर आळ घेणाऱ्या बाईने माफी मागेपर्यंत प्याल्याला शिवू नये, असं त्याने जाहीर केलं. पंचांचे प्रमुख तातेराव खाली बघत म्हणाले, "मावशी, माफी माग अन् मोकळी हो. मंडळीची बदनामी नगं."

"मागते की," झुंबरबाई म्हणाली, "पर कशाची, तेवढं सांगा."

त्यानंतर दर महिन्याला मी तिच्या समोरून जायचो. माझं अंग तिच्या तांब्याचं, आणि मला तिच्या ओठांपासून हातभर लांबून पुढे न्यायचे. तिचा नवरा कधीच गेलेला, पोर झालं नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात निंदणी करून हा एक घोट तिचा स्वतःचा होता, तोही हिसकावला. ती दाराजवळ ताठ बसून राहायची. बाकीचे प्यायचे आणि तोंड पुसायचे. मला त्या एकट्या पाळकाची घाण वाटत होती असं नाही, मित्रांनो. त्या पुसलेल्या तोंडांचीही वाटत होती.

सुगीच्या उपासनेला जालन्याहून पाळकांच्या नेमणुका करणारे मोठे साहेब आले. वेदीपुढे ज्वारीची कणसं आणि भोपळे रचले होते. पाळकाने मला दोन्ही हातांनी उंच उचललं. पोचा त्याच्या तळहाताखाली झाकलेला होता. रीतीप्रमाणे बायकांच्या बाजूला प्याला आधी पाळकाच्या बायकोला मिळायचा. एस्तेरबाईने मला घेतलं, पण ती प्यायली नाही. उठली आणि चालत दाराजवळ गेली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचं कोणाशी वाकडं न्हाई. तुम्ही घ्या."

झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अन् तू?"

"मी कशी घेऊ? माझा समेट झाला न्हाई." मग एस्तेरबाईने पदर मागे सारला आणि मला सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हा पोचा अन् हा व्रण एकाच हातानं पडलेत."

झुंबरबाई प्यायली. रस कळकलेला होता, तरी तिने तोंड वाकडं केलं नाही. पाळक हसत म्हणाला, "प्याला इकडे द्या." कोणी दिला नाही. शेजारच्या साळूबाईने हात मागे घेतले, तिच्या पलीकडचीनेही घेतले. पाळकाने पुरुषांच्या बाजूला पाहिलं, तर तातेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते नाही म्हणाले. मी तसाच भरलेला झुंबरबाईच्या मांडीवर राहिलो.

तुम्हाला वाटेल, मग त्याचा झगा उतरवला असेल. कशाचं काय! मोठ्या साहेबांनी घरगुती बाब म्हणून बदली केली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या मंडळीवर. जाताना हारही घातला. एस्तेरबाई मात्र त्याच्यासोबत गेली नाही. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत बी निवडायच्या कामाला लागली.

तातेरावांनी मला कल्हईला नेलं. कल्हईवाला म्हणाला, "पोचाबी काढून देतो." सोबत आलेली झुंबरबाई म्हणाली, "न्हाई. आतून बराबर कर. पोचा राहू दे."

तेव्हापासून जो नवा पाळक मला उचलतो, त्याचा अंगठा बरोबर त्या पोच्यात बसतो. तो विचारायचा, हे काय? झुंबरबाई दाराजवळून उठायची आणि सगळ्यांसमोर सांगायची. सांगताना तिची नजर त्याच्या हातांवर असायची.

दोन वर्षांमागे झुंबरबाई गेली. मागच्या महिन्यात नवे पाळक आले. गोड बोलतात. त्यांचा अंगठा पोच्यात बसला, त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" आणि चर्चमध्ये कोणी उठलं नाही. आता तुम्हाला ठाऊक झालं आहे, मित्रांनो. पुढच्या वेळी विचारतील, तेव्हा उठा.