फरशी कोरडीच होती

रविवारी सकाळी गाडी धुणाऱ्या माणसाकडे जग कौतुकाने बघतं. तोच माणूस घरात कप विसळताना दिसला, तर जग काळजीने विचारतं, "काय हो, बायको बाहेरगावी का?"

आपल्या कथेतल्या गृहस्थाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तशी वेळच त्याने येऊ दिली नव्हती. तो एका विमा कंपनीत अपघातग्रस्त गाड्यांचे दावे तपासायचा. चेपलेला बंपर नुसता बघून तो सांगायचा, की गाडी खांबावर गेली की खांब गाडीवर आला. त्याच्या आजवरच्या नोकरीत एकही खांब दोषी निघाला नव्हता. इमारतीत सगळे त्याला तपासनीस म्हणत आणि ते ऐकून त्याची मान इंचभर वर जाई.

त्याची बायको दातांची डॉक्टर. सध्या मात्र तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मागच्या महिन्यात हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये ती घसरली आणि मनगटावर पडली.

"फरशीवर काहीतरी होतं रे," ती कळवळत म्हणाली होती.

तपासनिसाने तिला खुर्चीत बसवलं, टेबलावरच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि मग सवयीने घटनास्थळी उकिडवा बसला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने पाहणी केली. पाणी नाही, तेल नाही, केळ्याचं साल तर नाहीच.

"फरशी कोरडी आहे," त्याने निकाल दिला. "तुझीच धांदल."

दावा फेटाळला गेला. अपिलाची सोय घरात नव्हती.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये इमारतीच्या अध्यक्षांनी विचारपूस केली, तेव्हा तपासनिसाला विनोद सुचला. "आमच्या डॉक्टरीणबाई कोरड्या फरशीवर घसरतात. दाढ दाखवायला जाल तेव्हा हेल्मेट घालून जा."

विनोद चांगला होता, हीच पंचाईत झाली. वाईट विनोद जागच्या जागी मरतो. चांगल्याला पाय फुटतात. अध्यक्षांची दाढ तेव्हा तिच्याकडेच अर्धवट कोरून ठेवलेली होती. त्यांनी हसत हसत ती दाढ दुसऱ्या डॉक्टरकडे नेली आणि सोबत विनोदही नेला. मग समोरच्या इमारतीतल्या आजी गेल्या. मग शाळेच्या मुख्याध्यापिका. जिचा घरात तोल जातो, तिच्या हातात सुई कशी द्यायची? हात बरा झाल्यावर आपण याल ना, असं तिने फोनवर विचारलं की लोक गडबडीने म्हणत, "बघू हं, आता तसं दुखत नाही."

दवाखाना एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंचा होता. तिथली एक खुर्ची तपासनिसाच्या बायकोने भाड्याने घेतली होती. पेशंटच उरले नाहीत तर खुर्ची ठेवून काय करायचं? आज दुपारी ती खुर्ची सोडते असं सांगायला ती जाणार होती.

तपासनिसाला वाईट वाटलं. त्याने ठरवलं, तिला अशा वेळी मळक्या गाडीतून न्यायचं नाही.

नागरिकहो, हसू नका. माणसाला घरातल्या दुःखावर उपाय सापडला नाही, की तो बादली घेऊन बाहेर पडतो.

पार्किंगमध्ये आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसली होती. ती काल संध्याकाळीच भाचेसुनेला बघायला आली होती. आत्याने उभं आयुष्य गाडी चालवायला शिकवण्याचा क्लास चालवला. तिच्या आवाजाने माणसं क्लचवरून पाय उचलायची आणि काही जण अजूनही झोपेत उचलत.

"हे काय, उन्हात?" आत्या म्हणाली. "गाडी धुतोयस की वाळत घालतोयस?"

"उन्हात लवकर वाळते."

"साबणही वाळतो. मग डाग घासत बस जन्मभर. सावलीत घे आधी."

त्याने गाडी सावलीत घेतली आणि ओलं फडकं छपरावर टाकलं.

"थांब. चाकं आधी."

"सगळे चाकं शेवटी धुतात."

"सगळे चुकतात. सगळ्यात जास्त घाण चाकांत. ब्रेकची काळी पूड असते ती. शेवटी धुशील तर तीच उडून धुतलेल्या दारांवर बसेल. हात लावून बघ, गार आहेत का? मग पाणी मार. आणि चाकांचं फडकं वेगळं, बादली वेगळी. तेच फडकं वर फिरवलंस तर त्यातली वाळू रंगावर ओरखडे काढेल."

"असल्या ओरखड्यांचे दावे मी रोज फेटाळतो," तपासनीस अभिमानाने म्हणाला.

"मग दारावरचे हे तुझे गोल गोल ओरखडे काय चंद्रावरून आले?"

तपासनिसाने दाराकडे बघितलं नाही. बायकोच्या दवाखान्यातले नमुन्याचे टूथब्रश घरात पोत्याने होते. त्यातला एक घेऊन तो चाकांच्या फटी घासू लागला. आत्या बसल्या जागेवरून सांगत होती आणि तो करत होता. चाकं झाल्यावर वरून खाली यायचं, छप्पर, काचा, बॉनेट, दारं, सगळ्यात शेवटी खालची पट्टी. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, घाण तिथे सोडायची, मगच साबणात बुडवायचं. हात सरळ रेषेत फिरवायचा. आतली पायपुसणी बाहेर काढून झटकायची, आधी व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यायची आणि मग ओलं फडकं, नाहीतर आत चिखल होतो.

"कसं आहे," आत्या म्हणाली, "धुणं सोपं आहे. निघालेली घाण कुठे गेली, याचा हिशेब ठेवणं अवघड आहे."

एवढ्यात अध्यक्ष आले. गाल किंचित सुजलेला, पण मूड उत्तम. "वा तपासनीस! चाकात बघून भांग पाडावा अशी चाकं झालीयेत. आणि आमच्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात? आज कुठे घसरल्या?"

तपासनीस हसला. हसायची सवयच लागली होती त्याला. घर तळमजल्यावर होतं आणि हॉलची खिडकी उघडी होती. आतून एक भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही.

आत्या हसली नाही. अध्यक्ष फुलझाडांकडे वळल्यावर ती म्हणाली, "पुढचं कर."

तपासनिसाने पिशवीतून टायर पॉलिशचा डबा काढला आणि टायरवर नेम धरला.

"फवारू नकोस तसं. फडक्यावर घे आणि फडक्याने लाव, तेही फक्त बाजूला. रस्त्याला टेकतो त्या भागावर थेंबही नको."

"का?"

"का म्हणजे? सिलिकॉन असतं त्यात. बर्फासारखं घसरतं. ब्रेकवर उडालं तर गाडी थांबणार नाही. दिसत काही नाही, वाळल्यावर तर अजिबात नाही."

"म्हणून तर मी मागच्या वेळी अक्कल चालवली," तपासनीस म्हणाला. "ब्रेकवर नको म्हणून चाकांवरचे प्लॅस्टिकचे व्हीलकॅप काढून आत नेले आणि तिथे फवारले. मॅच चालू होती, पंख्याखाली वाळलेही छान. टायरचं पॉलिश प्लॅस्टिकवर जास्त चमकतं, हे माझं संशोधन."

"आत म्हणजे कुठे?"

"पॅसेजमध्ये. तिथून टीव्ही दिसतो."

आत्याने कप खाली ठेवला.

तपासनीस डबा हातात धरून उभा राहिला. अपघातांच्या कहाण्या ऐकताना त्याच्या डोक्यात एक घंटा वाजायची. समोरचा माणूस बोलता बोलता स्वतःच फासात मान घालतो, त्या क्षणाची ती घंटा. आज ती वाजली आणि आजूबाजूला दुसरा कुणी दावेदार दिसेना.

"मॅच शनिवारी होती," तो हळू आवाजात म्हणाला.

"आणि ती पडली कधी?"

"रविवारी. सकाळी."

त्याने साध्या पाण्याची बादली उचलली आणि तो घरात गेला. पॅसेजमध्ये त्याने तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं.

पाणी पसरलं नाही. ते थेंबाथेंबांनी गोळा झालं आणि मोत्यांसारखं इकडेतिकडे घरंगळलं. फक्त चार ठिकाणी ते शहाण्या पाण्यासारखं सपाट बसलं. चार गोल जागा होत्या त्या, जणू कंपासने काढलेल्या, एकेक व्हीलकॅपच्या मापाच्या. जिथे कॅप ठेवले होते तिथे फवारा पोचला नव्हता. बाकी सगळीकडे पोचला होता. आणि शेवटच्या वर्तुळापलीकडे वीतभर अंतरावर ती जागा होती, जिथे ती पडली होती.

गाडीवर एवढा पुरावा मिळाला असता तर त्याने चहा मागवला असता.

बायको हॉलच्या दारात उभी होती. ती पुढे आली, पण पॅसेजच्या मधून नाही. डावा हात भिंतीला लावून, कडेकडेने, पाऊल जपून टाकत. महिनाभर ती अशीच चालत होती. त्याने पाहिलं होतं की. "मांजरीसारखी काय चालतेस," असंही म्हणाला होता.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"मी तेव्हाच सांगितलं होतं."

"म्हणजे हे, पॉलिशचं?"

"पॉलिशचं नव्हतं माहीत. फरशीवर काहीतरी आहे, एवढं पायाला रोज कळतं. तुला कसं कळणार? पॅसेज स्वयंपाकघराकडे जातो. तू कधी जातोस? तुला पाणीसुद्धा जागेवर लागतं."

लाज ही वस्तू त्याने आजवर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. खोटा दावा उघडा पडला की माणसं टेबलाच्या कोपऱ्याकडे बघायची. त्याला वाटायचं, त्या कोपऱ्यात एवढं काय आहे? आता तो स्वतः चौथ्या वर्तुळाकडे टक लावून बघत होता. कान तापले होते. हेल्मेटचा विनोद आठवला. तिचा हात मोडला तो त्याच्याच हातून, आणि वर तिचं नावही त्यानेच मोडलं. हात तरी डॉक्टरने जोडून दिला होता!

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुला सांगतोय."

"मला कशाला सांगतोस?" ती थकल्या आवाजात म्हणाली. "माझ्या पायाला फरशी निसरडीच होती. कोरडी तू बाकीच्यांना सांगितलीस."

आत्या मागून आली होती. "बरोबर बोलतेय ती," आत्या म्हणाली. "घरात कुजबुजून माफी मागणं म्हणजे चाकाची घाण त्याच बादलीत पिळणं. विनोद चारचौघात केलास ना? मग धुणंही चारचौघात."

"लोक हसतील, आत्या."

"महिनाभर तिला हसले. ती मेली का? आता तुझी पाळी. आणि एक सांगू? तू वाईट नाहीस रे. पण गाडीवर एक ओरखडा दिसला की तू विचारतोस, कशामुळे झाला. बायको पडली तेव्हा विचारलंस, कुणामुळे. आणि उत्तर विचारायच्या आधीच ठरलेलं होतं."

तपासनीस बाहेर गेला. अध्यक्ष फुलझाडांना पाणी घालत होते.

"अध्यक्ष, ते हेल्मेटचं. तो विनोद खोटा होता. फरशीवर मी टायर पॉलिश फवारलं होतं. माझ्यामुळे पडली ती. तिचा तोल पक्का आहे, धांदल माझी होती. तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना हेही सांगा."

अध्यक्ष बराच वेळ झारी तिरपी धरून उभे राहिले. एका झाडाला महिन्याचं पाणी मिळालं.

"घरात टायर पॉलिश?" शेवटी ते म्हणाले.

"घरात."

"मॅच बघत?"

"हो."

"अहो, मग हा विनोद जास्त चांगला आहे."

"म्हणूनच सांगतोय. हा जास्त लवकर पोचेल."

अध्यक्षांनी गालावर हात ठेवला. हसायला गेले आणि दाढ ठणकली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे मी उगाचच तिकडे गेलो. तिथल्या माणसाने माझी भलतीच दाढ उघडलीये हो."

त्यानंतर तपासनीस भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि ब्रश घेऊन पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसला. पॉलिश सहज निघत नाही. घासायचं, पुसायचं, पाणी टाकून बघायचं, थेंब गोळा झाले की पुन्हा घासायचं. साबण कुठे ठेवलेला असतो हे त्याला विचारावं लागलं. बादली कुठे रिकामी करायची, तेही. प्रत्येक प्रश्नासरशी त्याची मान थोडी आणखी खाली जात होती. बायकोने उत्तरं दिली, पण ती हसली नाही आणि "राहू दे" असंही म्हणाली नाही.

दुपारी गाडी अर्धवटच धुतलेली होती. चाकं लखलखीत, छपरावर धूळ. दोघं तशाच गाडीतून दवाखान्यात गेली.

"मी बाहेर थांबू?" त्याने विचारलं.

"खुर्ची सोडायची की नाही ते मी ठरवेन," ती म्हणाली. "पण पेशंट का गेले, ते आत येऊन तू सांगायचं. पहिल्यापासून. मॅचसकट."

त्याने सांगितलं. ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला स्वतःचे सगळे दात किडल्यासारखे वाटले. मग त्या त्याच्या बायकोला म्हणाल्या, "प्लास्टर निघेपर्यंत खुर्चीला कुणी हात लावणार नाही. घरी जा, आराम कर." आणि त्याला म्हणाल्या, "आराम कर म्हणजे काय, ते समजलं ना तुम्हाला?"

"समजलं," तो म्हणाला.

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला तो म्हणाला, "अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस?"

"तपास चालू आहे," ती म्हणाली.

तर नागरिकहो, गाडी जरूर धुवा. सावलीत धुवा, चाकं आधी धुवा, दोन बादल्या घ्या. पण जी स्वच्छता फक्त रस्त्यावरून दिसते, ती अर्धीच असते. आपलं काही चकाकू लागलं, की त्याचा फवारा कुणाच्या वाटेवर उडाला ते वळून बघा. आणि आपल्या घरातलं कुणी घसरलं, तर फरशी कोरडी आहे असा निकाल देण्याआधी त्या फरशीवरून एकदा स्वतः अनवाणी चालून बघा.