ओठांनी बोलणारी पोर

नूतनताई पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या तेव्हा मी त्यांना बसासुद्धा म्हणालो नाही. समितीने पाठवलेली संस्थेची बाई. आता ही येता-जाता बघणार, वाल्मिक आपली पोर नीट सांभाळतो की नाही. इथे गुजरातेत, आमच्या लिंबायतच्या वस्तीत, पिऊन येऊन पोरं बडवणारे बाप काय कमी आहेत? त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि माझ्या दारात बाई. पण भांडायचं म्हटलं तरी अंगात काही उरलं नव्हतं. बायको, मयुरी, काविळीने गेली तेव्हापासून राग यायचा तोही दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

झालं होतं असं. रातपाळी करून मी सकाळी मेल्यासारखा झोपलो आणि चंचलला ताप भरला. सहा वर्षांची पोर. शेजारच्या प्रमिलाबाईंनी दार बडवलं, मला ऐकू आलं नाही. पॉवरलूमवर उमर गेली, कान त्यातच गेले. बाईंनी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हेल्पलाइनच्या साहेबांनी विचारलं, चंचल कोणालाच काही बोलेना. शाळेतही ती बोलत नाही म्हणे. मग सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरीची वाचा बसली आहे आणि बापाचं लक्ष नाही. तिला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवावं असं बाल कल्याण समितीत निघालं. शेवटी दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. तोवर ताई घरी येऊन मदत करणार, मग निकाल.

मी सही केली. सगळे सांगत होते तिथे करत होतो.

ताई कामाच्या निघाल्या. शेठला भेटून त्यांनी माझी दिवसपाळी करून घेतली. ज्या प्रमिलाबाईंचं मी तोंड बघत नव्हतो, त्यांच्याकडेच शाळा सुटल्यावर चंचलला बसवायचं ठरवलं. मला सिव्हिलमध्ये नेऊन कान तपासले. कानाचं मशीन मिळायला वेळ होता. मी मागे मागे फिरलो.

एकदा संध्याकाळी मी भाकरी थापत होतो आणि ताई दारात येऊन थांबल्या. चंचल ओट्याजवळ उभी राहून मला शाळेतलं सांगत होती आणि मी मान डोलावत होतो.

"ती बोलतेय," ताई म्हणाल्या.

"बोलस ना," मी म्हणालो. "मनासंगे तर दिनभर बोलस."

"पण आवाज कुठे आहे?"

मग मला सांगावं लागलं. लूम चालू असताना जो ओरडतो तो नवखा. जुना माणूस खांद्याला हात लावतो, समोर येतो आणि नुसते ओठ हलवतो. दोरा तुटला, चहा आला, शेठ येतोय, सगळं ओठांवर. मयुरी होती तोवर घरात तिचा आवाज असायचा, चंचल तिच्याशी आवाजात बोलायची. ती गेल्यावर घरात मी आणि पोर. मी कारखान्यात बोलायचो तसाच घरी बोलायला लागलो आणि पोरीने तेच उचललं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट सोपं वाटलं.

ताई खालीच बसल्या. "वाल्मिकभाऊ, अहो, तिला वाटतं माणसं अशीच बोलतात. आई गेली तसा आवाजही गेला, असं समजून चाललीय पोर!"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भाकरी करपली, ती उलटली.

त्यानंतर ताई येत आणि चंचलचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून बोलत. मग चंचलच्या गळ्यावर माझा हात ठेवत. बोटांना काहीतरी थरथरल्यासारखं लागे. प्रमिलाबाई तिला घेऊन गरब्याची गाणी म्हणत. मलाही हुकूम होता, घरात तोंड उघडून बोलायचं. मी बोलायचो. घशात खरखर व्हायची आणि कानाला काही लागायचं नाही, भिंतीशी बोलल्यासारखं.

दिवाळीच्या तोंडावर समितीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे मॅडम आणि एक मिशीवाले साहेब. गुजराती ओठ मला नीट वाचता येत नाहीत, त्यात साहेबांच्या मिशीमागे तर ओठच नव्हते. मॅडमनी चंचलला जवळ बोलावलं. तिची पाठ माझ्याकडे झाली. मी घातलेल्या दोन वेण्या, एक वर एक खाली, तेवढं मला दिसत होतं.

मॅडमनी काही विचारलं. चंचलचे खांदे हलले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मॅडमनी चष्मा काढला. नूतनताईंनी पदर तोंडाला लावला.

गेली, मला वाटलं. पोर गेली. आणि मी खुर्चीवर तसाच बसून होतो.

बाहेरच्या पॅसेजमध्ये ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला दिसेल असं हळूहळू म्हणाल्या, "घरी न्यायची. मी अजून काही महिने येत राहणार."

"ती काय बोलनी?"

ताई म्हणाल्या, "मॅडमनी विचारलं, दुसऱ्या एका छान घरी राहशील का? तर म्हणाली, राहीन. पण माझ्या पप्पांनाही घ्या. त्यांच्याशी दुसरं कोणी बोलत नाही."

"ओठेसनी?"

"नाही हो. मोठ्याने. गुजरातीत. दारातल्या शिपायालासुद्धा ऐकू गेलं."

तेव्हा मला दुखलं. मयुरी गेल्यापासून पहिल्यांदा, छातीत, खरंखुरं. मी पोर सांभाळतो की नाही ते बघायला एवढी माणसं लागली होती, आणि पोर मला सांभाळत होती, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, माझ्याशिवाय.

चंचलने माझा सदरा ओढला. मान वर करून तिने ओठांनी विचारलं, घर जाऊत?

"हा," मी म्हणालो. "चाल, माय."

किती मोठ्याने म्हणालो ते मला कळलं नाही, पण शिपाई दचकून वळला आणि चंचल हसायला लागली.